प्रवेश मिळाला, पण परवडेल का? यवतमाळच्या घराघरातलं फीचं गणित समजून घ्या

जुलै महिना. यवतमाळ जिल्ह्यात पेरणी आटोपलेली किंवा दुबार पेरणीचं सावट. बियाणं, खत, मजुरी यात हातातला पैसा शेतात गेलेला. नेमकं याच वेळी मोबाईलवर मेसेज येतो की पोराला कॉलेज मिळालं आणि अमुक तारखेच्या आत फी भरून प्रवेश निश्चित करायचा आहे.

कापूस-सोयाबीनवर चालणाऱ्या घरात पैसा येतो तो दसरा-दिवाळीच्या पुढे. सोयाबीन विकलं, सीतादही होऊन कापूस घरात आला, त्याचे चुकारे मिळाले की मग हात मोकळा होतो. पण कॉलेजची फी पावसाळ्यात आणि शिष्यवृत्तीचा पैसा त्यानंतर कधीतरी. या मधल्या काही महिन्यांतच अनेक घरांचा निर्णय होतो. कधी चांगलं कॉलेज सुटतं, तर कधी न झेपणारं कर्ज डोक्यावर बसतं.

यातली बरीच ओढाताण टाळता येते. कारण फी किती लागणार हे फक्त कॉलेजवर ठरत नाही. प्रवेश कोणत्या मार्गाने घेतला, यावर ते जास्त ठरतं.

सगळ्यात आधी, प्रवेश कोणत्या दारातून?

इंजिनीअरिंग, फार्मसी, कृषी, एमबीए अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्यात सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे 'कॅप राउंड'मधून होतात. याशिवाय व्यवस्थापन कोटा आणि संस्थास्तरावरच्या जागा असतात. तिसरा मार्ग खासगी विद्यापीठं आणि खासगी अभिमत विद्यापीठांचा. यातली बरीच विद्यापीठं स्वतःची परीक्षा घेतात आणि स्वतःच प्रवेशपत्र देतात.

राज्य सरकारच्या फी सवलतीच्या बहुतांश योजना कॅपमधून घेतलेल्या प्रवेशालाच लागू होतात. व्यवस्थापन कोट्यातून किंवा खासगी विद्यापीठात प्रवेश घेतला, तर उत्पन्न कितीही कमी असो, या योजनांचा दरवाजा साधारणपणे बंद होतो. प्रवेशपत्र हातात पडल्याच्या आनंदात ही एक ओळ वाचायची राहून जाते आणि पुढची चार वर्षं पूर्ण फी भरावी लागते.

कॅपमधून गेलं तर कुणाला काय मिळतं?

- मुली : 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल (ईडब्ल्यूएस), एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 100 टक्के माफ आहे. आधी ही सवलत 50 टक्के होती.
- खुल्या प्रवर्गातली मुलं : राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून 50 टक्के शिक्षण शुल्क. उत्पन्नाची मर्यादा 8 लाख. लोक याला 'ईबीसी' म्हणतात ती हीच योजना.
- ओबीसी मुलं : 50 टक्के शिक्षण शुल्क.
- व्हीजेएनटी आणि एसबीसी : 100 टक्के शिक्षण शुल्क. बंजारा समाज मोठ्या संख्येने असलेल्या या जिल्ह्यासाठी ही बाब महत्त्वाची.
- अनुसूचित जाती आणि जमाती : उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत साडेअठरा टक्के वाटा अनुसूचित जमातींचा आहे.

अर्ज 'महाडीबीटी' पोर्टलवर करायचा असतो. प्रवेश झाला म्हणजे सवलत आपोआप मिळाली, असं होत नाही.

'फी माफ' म्हणजे सगळं माफ?

नाही. माफी असते ती शिक्षण शुल्काची आणि काही योजनांत परीक्षा शुल्काची. विकास शुल्क म्हणजे डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, पुस्तकं, प्रवास हा खर्च घरच्यांनाच करावा लागतो. मुलगी पुण्याला गेली आणि शिक्षण शुल्क शून्य झालं, तरी राहण्या-जेवण्याचा खर्च शून्य होत नाही.

त्यासाठी वेगळ्या योजना आहेत. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत शिकणाऱ्याला वर्षाला 60 हजार, इतर महापालिका शहरांत 51 हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी 43 हजार रुपये मिळतात. अट अशी की विद्यार्थी त्या गावचा रहिवासी नसावा. याच धर्तीवर आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आणि ओबीसी, व्हीजेएनटी विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. खुल्या प्रवर्गासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. पण यातल्या काही योजनांत लाभार्थ्यांची संख्या ठरलेली असते आणि निवड गुणवत्तेवर होते. त्यामुळे हा पैसा मिळेलच असं धरून हिशोब मांडणं धोक्याचं.

खरी मेरिट स्कॉलरशिप कुठे लपलेली असते?

खासगी विद्यापीठं बारावीच्या किंवा प्रवेश परीक्षेच्या गुणांवर 25, 50 टक्के 'मेरिट स्कॉलरशिप' जाहीर करतात. ऐकायला भारी वाटतं. पण कॅपमध्येही गुणवत्तेवर मिळणारी एक मोठी सवलत आहे आणि ती अनेक पालकांना माहीतच नसते. ती म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजना, 'टीएफडब्ल्यूएस'.

एआयसीटीई मान्यताप्राप्त कॉलेजांत या योजनेसाठी प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या 5 टक्के अतिरिक्त जागा असतात. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेला कुठल्याही प्रवर्गातला विद्यार्थी गुणवत्तेनुसार त्या मिळवू शकतो. शिक्षण शुल्क पूर्ण माफ. जागा मोजक्या असल्याने कटऑफ त्याच शाखेच्या नेहमीच्या जागेपेक्षा वर जातो. ऑप्शन फॉर्ममध्ये या जागांचा कोड वेगळा भरावा लागतो आणि नंतर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही.

ज्या मुलींना किंवा व्हीजेएनटी विद्यार्थ्यांना आधीच 100 टक्के सवलत आहे, त्यांना याचा फारसा फरक पडत नाही. खुल्या आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलांना मात्र मोठा पडतो.

एक हिशोब मांडून पाहूया

समजा, आर्णी तालुक्यातलं एक ओबीसी शेतकरी कुटुंब आहे. उत्पन्न 8 लाखांच्या आत, मुलाला इंजिनीअरिंग करायचं आहे आणि त्याच्यासमोर तीन पर्याय आहेत. खालचे आकडे कुठल्या एका कॉलेजचे नाहीत, फक्त गणित कळावं म्हणून घेतले आहेत.

पर्याय 1 : खासगी विद्यापीठ, 50 टक्के स्कॉलरशिप. फी 3 लाख, सवलतीनंतर दीड लाख. राहणं-जेवण 1 लाख. वर्षाला अडीच लाख, चार वर्षांचे 10 लाख.

पर्याय 2 : पुण्यातलं कॉलेज, कॅपमधून. शिक्षण शुल्क 1 लाख 20 हजार, ओबीसी सवलतीनंतर 60 हजार. विकास शुल्क 15 हजार, राहणं-जेवण 1 लाख. वर्षाला 1 लाख 75 हजार, चार वर्षांचे 7 लाख. आधार योजनेचे 60 हजार दरवर्षी मिळाले तर हाच आकडा 4 लाख 60 हजारांवर येतो.

पर्याय 3 : यवतमाळमधलं कॉलेज, टीएफडब्ल्यूएसमधून. शिक्षण शुल्क शून्य, विकास शुल्क 12 हजार, जाणं-येणं आणि इतर खर्च 28 हजार. वर्षाला 40 हजार, चार वर्षांचे 1 लाख 60 हजार. एसटीच्या विद्यार्थी पासात दोन तृतीयांश सवलत असते, त्यामुळे अपडाऊन परवडतं.

याच घरात मुलगी असती, तर पर्याय 2 मध्ये शिक्षण शुल्क शून्य धरून चार वर्षांचे 4 लाख 60 हजार झाले असते. पर्याय 1 मध्ये एक रुपयाही कमी झाला नसता.

म्हणजे '50 टक्के स्कॉलरशिप' लिहिलेला पर्याय इथे सगळ्यात महाग ठरला. सवलत किती टक्के, यापेक्षा सवलतीनंतर किती रुपये उरतात, हे बघायला हवं.

मग स्वस्त तेच घ्यायचं का?

तसंही नाही. हवी ती शाखा, कॉलेजचा निकाल, तिथे कोणत्या कंपन्या येतात, प्राध्यापक पुरेसे आहेत का, यालाही किंमत आहे. पर्याय 2 आणि 3 मध्ये आधार योजनेशिवाय 5 लाख 40 हजारांचा फरक आहे. पुण्यातलं कॉलेज तेवढं देईल का, हा प्रश्न घरात मोकळेपणाने विचारायला हवा. उत्तर प्रत्येक घराचं वेगळं असेल. धाकटी बहीण दोन वर्षांनी बारावीला येणार असेल, तर हिशोबात तिचीही फी धरावी लागते.

शैक्षणिक कर्जाचंही तसंच. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलतीची सोय आहे. पण ती निवडक दर्जेदार संस्थांसाठीच आहे. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का, हे आधी तपासा. शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज चढत असतं, हेही लक्षात ठेवा.

निर्णय कधी घ्यायचा?

कॉलेज मिळाल्यावर नाही, ऑप्शन फॉर्म भरण्याआधी. 2025-26 च्या इंजिनीअरिंग प्रवेशात पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कॉलेज मिळालं, तर ते घेणं बंधनकारक होतं. न परवडणारं कॉलेज 'बघू तर लागतं का' म्हणून वर टाकलं आणि तेच मिळालं, तर पुढच्या फेऱ्या हातून जातात.

म्हणून फॉर्म भरण्याआधी एवढं करा :

- प्रत्येक कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर बघा. शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगळं लिहून काढा.
- तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, लागू असेल तसं जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र निकालाची वाट न बघता काढा. एका कागदापायी हक्काची सवलत हुकते.
- बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का ते तपासा.
- खासगी विद्यापीठ स्कॉलरशिप देत असेल, तर चार प्रश्न विचारा : चारही वर्षं मिळेल का? किती गुण टिकवावे लागतील? दरवर्षी फी वाढते का? सवलत फक्त शिक्षण शुल्कावर आहे की हॉस्टेलवरही? उत्तरं लेखी घ्या.
- सवलतीचा पैसा उशिरा आला, तर पहिल्या वर्षाचा खर्च कसा भागवायचा, हे आधीच ठरवा.

हा हिशोब करायला एक वही आणि एक संध्याकाळ पुरते. तो पोराला किंवा पोरीला सोबत बसवूनच करावा, कारण घरात किती पैसा आहे आणि किती नाही, हे त्यांनाही कळलं पाहिजे. पेरणीआधी एकरी खर्च मांडणाऱ्या घरांना हे काही नवं नाही.