बेगमी

मार्चमध्ये महाराष्ट्र राज्याचा अर्थसंकल्प मांडला की कोणाला काय मिळाले याचीच चर्चा होते. बाजूला काय ठेवले, हे कोणी विचारत नाही. यंदा तरी ते विचारायला हवे, कारण 2020चा उन्हाळा आम्ही विसरलेलो नाही.

करोनाच्या टाळेबंदीत दस्तनोंदणी थांबली, पेट्रोल-डिझेलचा खप कोसळला आणि कराची आवक आटली. मार्चचा पगार दोन टप्प्यांत झाला. 4 मे रोजी राज्य शासनाने विकासकामांच्या खर्चाला 67 टक्के कात्री लावली, आरोग्यासारखी निकडीची खाती सोडून नोकरभरती बंद केली. लोकांच्या हातचे काम गेले आणि नेमका तेव्हाच सरकारनेही हात आखडला. नियत खोटी नव्हती. गाठीला काही नव्हते. आकस्मिकता निधी असतो, पण ती उसनवार. विधिमंडळाच्या मंजुरीनंतर ती भरून द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेकडचा सिंकिंग फंड जुने कर्ज फेडण्यापुरता.

दक्षिण अमेरिकेतल्या चिलीने हे आधी ओळखले. त्या देशाची मदार तांब्यावर. भाव चढला की तिजोरी फुगायची, पडला की हाल. 2001मध्ये तिथे नियम आला : तेजीतली जादा कमाई खर्चात धरायची नाही. तांब्याचा दीर्घ मुदतीचा भाव किती धरायचा, हे मंत्री नव्हे, स्वतंत्र तज्ज्ञ सांगतात. मला यातले हेच सर्वांत मोलाचे वाटते. 2007मध्ये त्या शिलकीचा वेगळा निधी झाला; 2008च्या अखेरीस त्यात सुमारे 20 अब्ज डॉलर होते.

हे सुखासुखी घडले नाही. पैसा असून देत नाहीत म्हणून आंदोलकांनी अर्थमंत्री आंद्रेस वेलास्को यांचा पुतळा जाळला. त्यांचा राग खोटा नव्हता. शाळा-दवाखान्यांची गरज खरी होती. पण मंदी आली तेव्हा, जानेवारी 2009मध्ये, राष्ट्राध्यक्ष मिशेल बाशेलेत यांच्या सरकारने 4 अब्ज डॉलरची योजना आणली : गरीब कुटुंबांना थेट रोख मदत, रस्त्यांची कामे. वर्षभरात निधीतून 9 अब्जांहून अधिक काढले. अर्थव्यवस्था त्या वर्षी आक्रसलीच, पण सरकारला ऐन मंदीत खर्च कापावा लागला नाही.

डोक्यावर कर्ज असताना शिल्लक कशाची, असे आपले अर्थखाते विचारील. प्रश्न रास्त आहे. पण केंद्राचे देणे असलेल्या राज्याला नवे कर्ज घ्यायला केंद्राची संमती लागते. ती अडचणीच्या दिवशी हवी तेवढी मिळेलच असे नाही. जमिनीचे व्यवहार तेजीत असतात त्या वर्षी मुद्रांक शुल्काची सरासरीहून जास्त आलेली रक्कम कायद्याने वेगळी ठेवावी आणि ती कधी काढायची, हेही त्याच कायद्यात लिहावे.

वाईट दिवसांसाठी कायद्याने पैसा राखणे महाराष्ट्राला अपरिचित नाही. 1972च्या दुष्काळानंतर, 1975मध्ये याच राज्याने व्यवसाय कर लावला तो रोजगार हमीसाठी. मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेल्या रुपयांवर दुष्काळी तालुक्यात खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी निघत होती.