त्या मुलीचं पुढे काय झालं?

माझ्या भाचीने परवा मला तिच्या संगणकावरचा एक खेळ दाखवला. ‘धिस वॉर ऑफ माइन’ हे त्याचे नाव. पोलंडमधल्या ‘इलेव्हन बिट स्टुडिओज’ने तो २०१४ मध्ये काढला. युद्धाचा खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बंदुका येतात. इथे वेढा पडलेल्या शहरातल्या एका मोडक्या घरात तीन-चार साधी माणसे अडकलेली असतात आणि युद्ध थांबेपर्यंत त्यांना जगवायचे असते. दिवसा बाहेर पडले की लपलेले बंदूकधारी टिपतात, म्हणून दिवसभर घरातच राबायचे. चूल करायची, पावसाचे पाणी गाळायचे, भिंतींची भगदाडे फळ्या ठोकून बुजवायची, आजाऱ्याला औषध द्यायचे. रात्री एकाने बाहेर जाऊन मिळेल ते घेऊन यायचे.

अशाच एका रात्री भाचीची कातिया (ही खेळातली वार्ताहर) अन्न शोधत एका सुपरमार्केटमध्ये गेली. तिथे एक सैनिक एका मुलीला बळजबरीने नेऊ पाहत होता. भाची थबकली. म्हणाली, “मावशी, मध्ये पडले तर कातिया मरेल. घरात दोघं उपाशी आहेत.” तिने कातियाला मागे घेतले. सकाळी कातिया खिन्न होऊन बसली होती. भाचीने खेळ थोडा पुढे नेला, मग थांबवला आणि मला विचारले, “पण त्या मुलीचं पुढे काय झालं?”

आमच्या खेळात ती मुलगी पुन्हा भेटली नाही. भाचीचा प्रश्न मात्र माझ्या मनातून जाईना, म्हणून हे लिहिते आहे.

आधी श्रेय द्यायला हवे. पाणी, सरपण, अन्न, शुश्रूषा या कामांवर जीव तगतो, हे आपण चळवळीत घसा कोरडा करून सांगत आलो. या खेळाने ते तरुण मुलामुलींना करायला लावून शिकवले. कामांची वाटणीही ठरावीक नाही. उत्तम स्वयंपाक करणारा ब्रुनो पुरुष आहे, आणि सौदा करण्यात कातिया तरबेज आहे. २०२० मध्ये पोलंडच्या सरकारने हा खेळ माध्यमिक शाळांच्या पूरक वाचनात घ्यायचे जाहीर केले, ते उगीच नाही.

पण सुपरमार्केटमधल्या त्या मुलीला नाव नाही. ती येते आणि खेळणाऱ्याच्या सदसद्विवेकाची परीक्षा घेऊन नाहीशी होते. दुःख होते ते कातियाला, अपराधी वाटते ते भाचीला. अत्याचार सोसणारी बाई गोष्टीत येते ती दुसऱ्या कुणाला जागे करायला, हे आपण सिनेमात वर्षानुवर्षे पाहिले आणि त्याविरुद्ध लिहिले. खेळांना त्यातून सूट का द्यावी?

तग धरण्याच्या अशा खेळांत गोष्ट हवी, शोध घ्यायला अधिक जागा हव्यात, अशी मागणी खेळणारी मुले करतात. ती रास्त आहे. परंतु गोष्ट म्हणजे शत्रूचे एखादे गुपित आणि शोध म्हणजे आणखी चार इमारती, एवढ्यावर ती थांबू नये. हा खेळ सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला आहे. तो वेढा एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ पर्यंत चालला. त्या शहरात आणि त्या देशात काय घडले ते पाहिले, तर गोष्टी शोधायला दूर जावे लागत नाही. माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली सूचना पाण्याच्या रांगेची. खेळात दिवसा दार बंद असते. खऱ्या सारायेव्होत नळ आटल्यावर माणसांना दिवसाढवळ्याही पाण्याला जावेच लागे. शहरातल्या जुन्या बिअर कारखान्याच्या झऱ्यावर रांगा लागत. लोक डबे हातगाड्यांवर नि बाबागाड्यांवर लादून नेत. १२ जुलै १९९३ रोजी डोब्रिन्या वस्तीत पाण्याच्या रांगेवरच तोफगोळा पडला आणि दहाहून अधिक माणसे ठार झाली. एवढा धोका असूनही रांग मोडली नाही, कारण तहान थांबत नाही. रांगेत नुसते पाणी मिळत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तिथे बातमी कळते, उसनवारी होते, भांडण होते, कुणाचे मूल कुणी सांभाळते, आणि तिथेच कधी संघटना उभी राहते. खेळाने दिवसाचे दार उघडावे. बाईने रांगेत उभे राहावे, शेजारणीशी बोलावे, आणि त्या ओळखींतून शहर उलगडत जावे.

दुसरी सूचना वस्तूंची. खेळात पुस्तक म्हणजे बहुतेक वेळा जळण. सारायेव्होत २०१७ मध्ये युद्धातल्या बालपणाचे एक संग्रहालय उघडले. तिथे युद्धात वाढलेल्यांनी जपलेल्या साध्यासुध्या वस्तू मांडल्या आहेत, आणि प्रत्येकीसोबत ती देणाऱ्याची आठवण आहे. खेळातही काही घरांत चिठ्ठ्या सापडतात. ते आणखी वाढवावे. ज्या घरातून आपण डबा उचलतो ते घर कुणाचे होते, हे त्या डब्याने सांगावे. मग चोरी आणि गरज यांतला फरक ठरवणे मुलांना आणखी अवघड जाईल. ते जायलाच हवे.

तिसरी सूचना त्या मुलीची. तिला नाव द्यावे. खेळणाऱ्याने तिला वाचवले असो वा नसो, शहरात पुढे कुठेतरी ती पुन्हा भेटावी. १९९३ मध्ये झेनित्सा गावी स्त्रीरोगतज्ज्ञ मोनिका हाउझर आणि स्थानिक स्त्रियांनी ‘मेडिका’ हे केंद्र सुरू केले. तिथे युद्धात बलात्कार झालेल्या स्त्रियांवर उपचार होत आणि त्यांना आसरा मिळे. खेळात असे एक दार असावे. तिथे औषध पोचवणे, आलेल्या बाईचे ऐकणे, ती गप्प राहिली तर तिचे गप्प राहणे मान्य करणे, हाही खेळाचाच भाग व्हावा. अत्याचाराचे चित्रण वाढवा, असे मी मुळीच म्हणत नाही. ते आहे तेवढेच पुरे. मला हवे आहे ते त्यानंतरचे आयुष्य.

आणि खेळ युद्धविरामापाशी संपू नये. आज तिथे प्रत्येकाचे पुढे काय झाले ते चार ओळींत सांगून पडदा पडतो. प्रत्यक्षात फोचा गावच्या स्त्रिया हेगच्या न्यायालयापुढे उभ्या राहिल्या, त्यांनी साक्षी दिल्या. २२ फेब्रुवारी २००१ रोजी झांबियाच्या न्यायाधीश फ्लॉरेन्स मुंबा यांच्या पीठाने तिघांना दोषी ठरवले. बलात्कार आणि लैंगिक गुलामगिरी हे मानवतेविरुद्धचे गुन्हे आहेत, असे त्या निकालाने स्पष्ट सांगितले. शेवटच्या पानावर ती मुलगी साक्ष देताना दिसली तर? किंवा साक्ष न देण्याचे ठरवून आपले दुकान उघडताना दिसली तर? निवड तिची असावी, खेळणाऱ्याची नव्हे.

कुणी म्हणेल, गोष्ट घातली की खेळाची अनिश्चितता जाते. तसे होण्याचे कारण नाही. एकच सरळ कथा नको. अनेक धागे असावेत, ज्याने-तिने हवा तो धरावा. दुसरे कुणी म्हणेल, हुंडा, मारहाण, रोजगार हे प्रश्न समोर असताना संघटनांनी खेळांकडे कशाला पाहावे? मैत्रिणींनो, आपण जाहिरातींकडे पाहिले, मालिकांकडे पाहिले, पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांकडेही पाहिले. आज घरातली मुले तासन्‌तास या खेळांत असतात. हिंसेपुढे काय करायचे याचा सराव ती तिथेही करत असतात.

म्हणून पुढच्या युवती शिबिरात एक संध्याकाळ हा खेळ पडद्यावर लावावा, असे मला वाटते. सुपरमार्केटपाशी थांबवावा आणि मुलींनाच विचारावे, तिचे नाव काय असेल, ती उद्या कुठे जाईल? गोष्ट त्यांनी रचावी. भाचीने रचायला घेतली आहे. तिच्या गोष्टीत कातिया दुसऱ्या रात्री पुन्हा त्या सुपरमार्केटमध्ये जाते.