बॅटरीलाही पोट असतं!



आपल्या मेळघाटात कितीतरी घरांवर सौरदिव्याची पाटी दिसते. काही घरांत इन्व्हर्टर असतो. दोन्हींचा जीव असतो बॅटरीत. ती बसली की आपण कंदील काढतो. पण समजा, भर समुद्रात बॅटरी बसली तर?

कमांडर दिलीप दोंदे यांचं नाव ऐकलंय ना? १९ ऑगस्ट २००९ रोजी गोव्यात बांधलेली ५६ फुटी ‘म्हादेई’ ही शिडाची नौका घेऊन ते मुंबईहून एकटेच निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. एकट्यानं शिडाच्या नौकेतून असं करणारे ते पहिले भारतीय! अशी नौका चालते वाऱ्यावर, हे खरं. पण दिवे, रेडिओ आणि माणूस झोपला की सुकाणू धरणारं यंत्र, यांना वीज लागतेच.

आता गंमत पहा. नौका बंदरात नुसती उभी असली, तरी बॅटरी हळूहळू आपोआप उतरते. तशीच पडून राहिली, तर आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर कडक थर बसतो आणि बॅटरी कायमची दुबळी होते. मग चार्जर सतत लावून ठेवावा का? साधा असेल तर मुळीच नाही! पोट भरल्यावरही तो वाढतच राहतो. आतलं पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू होतात. पाणी आटतं, आणि बंद जागेत हायड्रोजन साठला की एक ठिणगीही पुरे!

शहाणा चार्जर आईसारखा वाढतो. आधी भरभर, १२ व्होल्टच्या बॅटरीला साधारण १४.४ व्होल्टपर्यंत. मग तिथंच थांबून हळूहळू. पोट भरलं की १३.५ व्होल्टच्या आसपास, नुसता घोट घोट.

निवडताना काय पाहायचं?

१. बॅटरी पाण्याची, जेलची की लिथियमची? चार्जर तिला चालणारा हवा.
२. १०० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीला साधारण १० अँपिअरचा चार्जर बरा.
३. तापलेल्या बॅटरीला व्होल्ट कमी लागतात. उष्णता ओळखणारा चार्जर उत्तम.
४. नौकेवर खारी, दमट हवा असते. म्हणून चार्जर बंदिस्त पेटीचा, समुद्रासाठी बनवलेला हवा.

तुमच्या सौरदिव्यातही हेच काम करणारा छोटा भाऊ असतो, चार्ज कंट्रोलर. बाबांना दाखवायला सांगा. बॅटरी मात्र स्वतः उघडू नका हं, आत आम्ल असतं! पाण्याची बॅटरी असेल, तर त्यात ऊर्ध्वपातित पाणीच घालायचं, आणि तेही मोठ्यांनीच.

आता एक गणित. १२० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी रिकामी आहे. १० अँपिअरचा चार्जर किती तास लावाल? सहा म्हणालात? भागाकार बरोबर, पण प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ लागतो. का बरं? उत्तर याच लेखात दडलंय. शोधा पाहू!