तुऱ्याखालचं डोकं

हल्ली कुणी काही रुबाबात करीत नाही, 'पनाश'ने करतो. आमच्या साहेबांनी तर कर्जवसुलीसुद्धा पनाशने करा म्हणून फर्मावले आहे. कर्जदार हप्ते पनाशने बुडवतात, हे त्यांना कोण सांगणार?

मुळात हा पनाश कोण? तर पीस! लॅटिन 'पिना' म्हणजे पीस. त्यावरून इटालियनमार्गे फ्रेंचांनी शिरस्त्राणावरच्या तुऱ्याला 'पनाश' म्हटले. १८९७ साली रंगभूमीवर आलेल्या एदमाँ रोस्ताँच्या 'सिरानो द बर्जराक' नाटकाचा नायक हाच शब्द शेवटचा उच्चारून प्राण सोडतो. तिथून ऐटबाज धाडस हा अर्थ जगभर गेला.

म्हणजे आपला तुराच की हो! पण रणांगणात तुरा लावणं म्हणजे शत्रूला 'नेम इथं धरा' असं सांगणं. शाहिरांच्या कलगी-तुऱ्यातही सवालाला भर फडात जवाब द्यावा लागे. आमच्या पुण्यात मात्र तुरा खोवला जातो तो सत्कारात, आणि तोही 'मानाचा'. जोखीम एवढीच, की पगडी डोळ्यांवर येते!

शब्द उसना घ्यायला माझी हरकत नाही. उसनवारीवरच आमची बँक चालते. पण तारण नको? पनाशचं तारण हिंमत. साहेब डोळे वटारून उभे असताना अपुऱ्या व्हाउचरवर पैसे द्यायला नकार देणारे आमचे हेडकॅशियर घ्या. डोक्यावर पीस सोडा, केससुद्धा नाही. पण आख्ख्या शाखेत तुरा त्यांनाच शोभतो!