हमी कोणत्या हवेची?

'दुरुस्त' हा शब्द फारसीतून मराठीत आला तो 'योग्य', 'यथास्थित' हा अर्थ घेऊन. हमीपत्रांच्या व्यवहारात मात्र त्याला 'तक्रार निकाली निघाली' एवढाच अर्थ उरलेला दिसतो. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. शब्दांची अशी घसरण आम्ही एरवी वर्गात शिकवतो. या खेपेस ती आमच्या माहीमच्या घरात, मुलीच्या गिटारच्या रूपाने आली, म्हणून हा लेखनप्रपंच.

हकीकत साधी आहे. हिवाळ्यात घेतलेल्या, वर्षभराची हमी असलेल्या गिटारचा ब्रिज जुलैत मागच्या बाजूने उचलला गेला. पोस्टकार्ड आत सरकावे एवढी फट पडली. गिटार दुकानामार्फत दुरुस्तीस गेली आणि पाच आठवड्यांनी 'काम पूर्ण' असा शेरा घेऊन परतली.

काय पूर्ण झाले होते? पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारांचा मिळून सुमारे 70 किलोंचा ताण असतो. तो पेलणारी वरची फळी असते जेमतेम 3 मिलिमीटर जाडीची, आणि ब्रिज त्या फळीला चिकटवलेला असतो. तेव्हा उचललेला ब्रिज उष्णतेने पुरता सोडवावा, जुना सरस खरवडावा, नवा लावावा आणि शिकंज्यात निदान दिवसभर आवळून ठेवावा, ही रीत. येथे फटीत झटपट चिकटणारे काहीतरी ओतले होते. तारा पडद्यांपासून उंच गेल्या होत्या, त्या खाली आणण्यासाठी ब्रिजवरची हाडी पट्टी कानशीने घासली होती. परिणामी सातव्या पडद्यापुढे प्रत्येक तार झणझणू लागली. फट बुजली आणि सूर गेला.

दुसऱ्या तक्रारीस उत्तर आले: 'दमट हवेचे परिणाम हमीत समाविष्ट नाहीत.' मग पहिल्या खेपेस गिटार हमीखाली घेतली ती कशाच्या आधारावर? आणि कानस काय पावसाने चालवली?

लाकूड ओल शोषते, ही काही निर्मात्याची लबाडी नव्हे. मालकानेही वाद्य पेटीत ठेवावे, काळजी घ्यावी, हे आम्हांस मान्य आहे. ती आम्ही घेतलीही होती. परंतु अशा वाद्याला 45 ते 55 टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते आणि मुंबईच्या पावसाळ्यात ती अनेकदा 80च्या वर जाते, हे विकणाऱ्यास ठाऊक नाही काय? माहीमला गिटार परकीही नाही. सेंट मायकेल चर्चच्या आसपासच्या गोवेकर आणि ईस्ट इंडियन घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ती याच हवेत वाजत आली आहे. जून ते सप्टेंबर वगळणारी बारा महिन्यांची हमी वस्तुतः आठ महिन्यांचीच असते. तसे ती छापीत नाही, एवढेच.

येथे कोणी मिरजेचे नाव घेईल. तेथील सतार-तानपुऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते योग्यच झाले. पण कारागिरांविषयी हळवे होण्याचा आमचा मानस नाही. तेही चुकतात, तेही वायदे मोडतात. मुद्दा कानशीचा आहे. तानपुऱ्याची जवारी काढताना कारागीरही घोडीचा माथा घासतो. मात्र थोडे घासतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा घासतो. काम संपले की नाही, हे कान ठरवतो. आमच्या गिटारवरही कानसच चालली, पण ती दोष झाकण्यासाठी, आणि काम संपल्याचे ठरवले एका रकान्याने. पाच आठवड्यांत ती गिटार कोणी एकदा तरी पूर्ण वाजवली असती, तर तो शेरा लिहिणे त्याला अवघड गेले असते.

हे लिहिताना आमचीही मान थोडी खाली जाते. विद्यार्थी पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करतो तेव्हा आपण उत्तरपत्रिका पुन्हा वाचतो, की बेरीज तपासून 'बदल नाही' असे लिहितो? रकाना भरण्याची सवय केवळ दुकानदारांना जडलेली नाही. निदान यापुढे असा अर्ज हाती आला, की आम्हांस ती कानस आठवेल.

परंतु आपला दोष मान्य केल्याने दुसऱ्याचा माफ होत नाही. 20 जुलै 2020पासून अमलात आलेल्या 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क पडत नाही. आमचा अर्ज तयार आहे. त्यात पैशांआधी मागणी आहे ती एवढीच, की ब्रिज रीतसर सोडवून पुन्हा बसवावा, घासलेली पट्टी बदलावी आणि वाद्य परत देताना ते आमच्यासमोर, शेवटच्या पडद्यापर्यंत, वाजवून दाखवावे.

तोवर मुलगी पहिल्या सहा पडद्यांत बसतील तेवढीच गाणी वाजवते आहे.