आकडा कुणाचा, ते सांगा

"बाई, लेकरू हाती लागंल का?" गर्भातल्या बाळाच्या हृदयात मोठा दोष असल्याचं सोनोग्राफीत दिसलं की सोबत आलेली सासू हेच विचारते. माजलगावात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया होणार, तिथे अशी किती बाळं आली आणि किती जिवंत घरी गेली, हे कळलं तरच त्याचं प्रामाणिक उत्तर देता येतं. पण रुग्णालयांनी आपले निकाल जाहीर करावेत, असं बंधन आपल्याकडे नाही. मग पुस्तकातला आकडा सांगितला जातो. तो बहुधा बोस्टनचा किंवा लंडनचा असतो.

एक दोष असा असतो, की हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य धमन्यांची अदलाबदल झालेली असते. पोटात बाळ छान वाढतं, कारण प्राणवायू आईच्या वारेतून मिळतो. जन्मल्यावर मात्र ते काही तासांतच निळं पडू शकतं. प्रोस्टाग्लँडिनची सलाईन लगेच सुरू झाली आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत धमन्या योग्य जागी जोडल्या, तर हेच मूल पुढे शाळेत जातं, मैदानात धावतं. ब्राझीलच्या आदिब जातेने यांनी १९७५ मध्ये ही शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखवली. आज निष्णात केंद्रांत १०० पैकी ९५ किंवा त्याहून जास्त बाळं वाचतात. अशा बाळाचा जन्मच हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या गावी व्हावा, एवढ्यासाठी तरी आधीचं निदान मोलाचं आहे.

दुसऱ्या एका दोषात हृदयाचा डावा कप्पाच खुरटलेला असतो. त्यात टप्प्याटप्प्याने तीन शस्त्रक्रिया लागतात, पहिली जन्मानंतर काही दिवसांतच. त्या पार पडल्या तरी आयुष्यभर एकाच कप्प्यावर भिस्त. घरच्यांच्या कानावर मात्र दोन्ही वेळा 'हृदयाचा गंभीर दोष' एवढंच पडतं. त्या एका वाक्यावर कुणी वाचू शकणारं बाळ घाईने नाकारतं, तर कुणी कशाला सामोरं जायचं आहे हे न कळताच शेत गहाण टाकतं.

विचार करायला वेळही थोडा असतो. दोष शोधण्याची सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांदरम्यान करायची. आमच्याकडच्या कितीतरी बाया तेव्हा कोयत्यावर गेलेल्या असतात, साखर कारखान्याच्या फडात. त्या परततात तोवर सहावा-सातवा महिना लागलेला असतो. गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर अशा दोषासाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यापुढे वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते. बाळ ठेवायचं की नाही, हे त्या आईनेच ठरवायचं. ते ठरवायला लागणारी खरी माहिती देणं आमचं काम आहे, आणि त्यातली निम्मी माहिती आमच्याही हाती नसते.

निकाल उघड असायला हवेत, हा धडा ब्रिटनने फार महागात घेतला. ब्रिस्टलच्या रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांनंतर मृत्यू फार होत होते, त्यांत हीच धमन्या बदलण्याची शस्त्रक्रियाही होती. स्टीफन बोल्सिन हे भूलतज्ज्ञ त्याबद्दल बोलत राहिले, पण दाद लवकर मिळाली नाही. इयन केनेडी यांच्या चौकशी समितीचा अहवाल २००१ मध्ये आला. १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालच्या मुलांचे अपेक्षेपेक्षा ३० ते ३५ मृत्यू जास्त झाले, असं त्यात नोंदवलं आहे. आज तिथे मुलांच्या प्रत्येक हृदयकेंद्राचे निकाल कुणालाही पाहता येतात.

यावर आमच्यातले सर्जन म्हणतात, आकडे उघडे केले तर अत्यवस्थ बाळं कुणी हातात घेणार नाही. ही भीती खोटी नाही. म्हणूनच ब्रिटनमध्ये बाळाचा दोष, वजन, वय आणि इतर आजार हिशेबात धरून, तीन वर्षांचे निकाल एकत्र मांडतात. त्यामुळे अवघड बाळं स्वीकारणाऱ्या केंद्रावर अन्याय होत नाही, आणि एखाद्या वाईट महिन्यावरून कुणाची परीक्षाही होत नाही.

महाराष्ट्रात याची सुरुवात करणं शक्य आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांतून मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांना सरकारी पैसा मिळतो. पैसा जनतेचा असेल, तर त्याचा निकालही जनतेला कळायला हवा. कोणत्या दोषाच्या किती शस्त्रक्रिया झाल्या, किती बाळं घरी गेली, वर्षभराने किती जिवंत होती, हे केंद्रनिहाय जाहीर करणं या योजनांत सहभागी होण्याची अट असावी.

तोवर पालकांनो, सल्ला घ्यायला जाल तेव्हा संकोच न करता विचारा: ही शस्त्रक्रिया इथे वर्षाला किती होतात? त्यांतली किती बाळं घरी गेली? योजनेबाहेरचा खर्च किती? पुढची तपासणी कुठे आणि किती वर्षं? या प्रश्नांचा राग येणाऱ्या डॉक्टरकडून उठा आणि दुसरं मत घ्या.