रोगांचा इतिहास मुलांपासून का दडवावा?

रोगराईच्या इतिहासावरील पुस्तके बालमनाला भयभीत करतात, हा गतांकातील पत्रलेखकांचा अभिप्राय मला सर्वथा अमान्य आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या बालिकेला देवीची लस टोचली गेली आणि तिच्याच फोडातील लशीने पुढे इतरांना संरक्षण लाभले. १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस तयार करणाऱ्या दस्तुरखुद्द हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःच्या देहात टोचून घेतली. आणि त्याच वर्षी १० मार्चला, पुण्यातील प्लेगग्रस्तांची शुश्रूषा करता करता, सावित्रीबाई फुले यांनी प्राण वेचले, हे सारे वाचलेले मूल भिणार नाही, कृतज्ञ होईल. भय अज्ञानातून उपजते. म्हणून पालकांना माझी आग्रहाची विनंती, की अशी पुस्तके मुलांच्या हाती अवश्य द्यावीत.

आपला,
एक वाचक
उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर